खरात मास्तरच्या पाच पेनल्टी

फुटबॉलात माझं नाव झालं ते गोल न मारल्यानं. गोल न मारनारे लई असत्यात. पन बॉल ठेवलेला, समोर एकटा गोलकीपर, मारा म्हनून शिट्टी वाजलेली, अन् तरी पाचच्या पाच वाया घालनारा आमच्या केदारखेड्यात मी एकटाच. राजूरपसून भोकरदनपस्तोर लोक मला आभाळ्या म्हनत्यात ते त्याच्यामुळं. पंक्चर काढाया आलेलं गिऱ्हाईक बी आधी इचारतं, "आभाळ्या, हवा जपून मार, सायकल वर न्हाई ना जायची?" मी म्हनतो, "सायकल जाईल, तू इथंच राह्यशील." माझं काही न्हाई. मला लाज पह्यलेपसून कमी. पन त्या पाच पेनल्टीचं वझं ज्या मानसानं वाह्यलं, त्यानं त्यातली एक बी मारली न्हवती. त्यो शिट्टी घेऊन बाजूला हुभा होता. खरात मास्तर.

मास्तर मूळचे आष्टीकडचे. बदली होऊन आमच्या गावात आल्ते. तवा जालना जिल्हा झाला न्हवता, आमी औरंगाबादात मोडायचो. पोरं त्यायला गुरुजी म्हनायची, आमी मोठे मास्तर. अंगानं बारीक, पांढरा शर्ट, खाकी प्यांट, अन् प्यांटीचे दोन्ही खिसे फाटलेले. कामून, तर सकाळी उठून हा मानूस मैदानात खडे येचायचा. पोरं अनवानी खेळत्यात, पायाला लागत्यात म्हनून. येचलेला खडा फेकायचा न्हाई, खिशात घालायचा, अन् घरी जाऊन अंगनात वतायचा. सुमनबाई, त्यायची बायको, दारातून वरडायच्या, "लोकायचे नवरे घरी भाजी आनत्यात, माहा नवरा खडी आनतो!"

मी दुसरी शिकलेलो. दुसरी दोनदा शिकलो, म्हनून कोनी इचारलं तर चौथी सांगतो. मला कोनी रंगनाथ म्हनत न्हवतं. घरी रंग्या, बाहेर अबे. मास्तर तेवढे "रंगनाथ" म्हनून हाका मारायचे. मी मागं वळून पाह्यचो, कोन रंगनाथ आला.

मास्तरपुढं एक शब्द बोलायची चोरी होती. नशीब. एकदा मी म्हनलो, "मास्तर, नशीब, जाफ्राबादची एसटी भेटली."

"नशीब नाही. तू वेळेवर निघालास."

"वेळेवर कुठं? मी उशिरा निघालो, एसटीच उशिरा आली."

"मग ड्रायव्हर उशिरा निघाला. यात नशीब कुठं बसलं होतं? टपावर?"

त्याचं कारन त्यायनं मला एकदाच सांगितलं. मी ब्लॅडरला सायकलचं सोल्युशन लावून ठिगळ बसवू राह्यल्तो, ते बॉलची वादी ओवू राह्यल्ते. म्हनले, "माझ्या बापाला गावानं सांगितलं होतं, तुझ्या नशिबात येसकरकी आहे. वेशीत उभा राहा अन् निरोप पोचव. बाप ऐकायचा. छप्पन साली आम्ही ते सगळं टाकलं. आता ते मागच्या दारानं येऊ द्यायचं नाही." अन् वादीला गाठ मारली. म्या ठिगळावर फुक मारली.

शाळेची पोरं अन् आमी रिकामटेकडे मिळून त्यायनं गावाची टीम केली. खेळाच्या शिबिराला औरंगाबादला जाऊन आले की नवीन कायदा घेऊन यायचे, जसं दुसरं मानूस बायकोला बांगड्या आनतं. एका साली त्यायनं पिवळं कार्ड आनलं. म्हंजी आनलं न्हाई, घरी केलं. साबनाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून हळदीच्या पान्यात बुडवला. घामानं शर्टाचा खिसा पिवळा झाला, सुमनबाईच्या शिव्या ते येगळंच. राजूरच्या टीममधे किसन म्हनून बॅकला गडी होता, रेड्यासारखा. त्यानं आमच्या पोराला आडवं केलं. मास्तरनी शिट्टी वाजवली अन् कार्ड वर धरलं. किसननं हात धोतराला पुसला, कार्ड घेतलं, उलटं-सुलटं केलं अन् इचारलं, "लगन कोनाचं हाय, मास्तर?"

सगळं मैदान हसलं. किसननं ते कार्ड टोपीत खोचून टाकलं. थोड्या वेळानं त्यानं परत एकाला पाडलं. दुसऱ्यांदा पिवळं दाखवलं की गडी बाहेर, असा कायदा. मास्तर धावत गेले. "किसनराव, ते कार्ड द्या, तुम्हाला दुसऱ्यांदा दाखवायचं आहे."

किसन म्हनला, "देत न्हाई. दिलं तर तुमी दाखवाल."

अन् खरंच दिलं न्हाई. मॅच संपेस्तोर टोपीत घेऊन खेळला.

आता खरं सांगायचं ते असं. दुष्काळ सरला त्याच्या पुढल्या साली राजूरला स्पर्धा झाली. पाच-सहा गावं. फायनलला आमी अन् राजूर. दिवस बुडाला तरी कोनाचा गोल न्हाई. अशा टायमाला तिथं नानं उडवायची रीत होती. बापूराव हाटेलवाले स्पर्धेचे अध्यक्ष. भला मानूस, पन वर्षातून एकदा सगळं मैदान आपल्या अंगठ्याकडं पाह्यतं याची त्यायला लई हौस. त्यायनं नानं उडवलं. छापा पडला. राजूर जिंकलं.

आमाला काही वाटलं न्हाई. तिथं असं होतं, की हरलेल्या गावाला आधी पंगतीला बसवायचं अन् जिंकलेल्यायनं वाढायचं. आमी नान्याला आई-मायवरून शिव्या देत बुंदी खाल्ली. किसन स्वता वाढत होता. "घे रे, नान्यानं मारलं, बुंदीनं जग." सगळे खुश. मास्तरनी पत्रावळीला हात लावला न्हाई.

"दीड तास पोरं पळाली," मला म्हनले. "अन् निकाल कोणी दिला? बापूरावच्या अंगठ्यानं."

पुढल्या शिबिरात त्यायला कोनी तरी सांगितलं, की आता मोठ्या खेळात नानं बंद झालं. बराबरी झाली की दोन्हीकडनं पाच-पाच पेनल्टी. ज्याचे गोल जास्ती त्यो जिंकला. मास्तर एसटीतून उतरले ते हसतच. त्या मानसाचं तोंड असं उजळलेलं म्या कधी पाह्यलं न्हवतं. स्पर्धेच्या आधी बापूरावच्या हाटेलात सगळ्या गावायची बैठक व्हायची. तिथं त्यायनं कायदा मांडला. लई घासाघीस झाली. बापूराव अंगठा चोळत म्हनले, "ठीक हाय बाप्पा, करून पाहू. पन मारनार कोन?"

एक म्हातारा म्हनला, "कोन म्हंजी? गावचा एक गडी. जत्रंच्या कुस्तीत गाव एकच पैलवान देतं का न्हाई?"

सगळ्यायनं माना हालवल्या. बराबर हाय. गावाचं नाव एकाच्या अंगावर टाकायचं, मंग पाह्यचं. मास्तरनी बी मान हालवली.

त्या साली फायनलला परत आमी अन् राजूर, परत कोनाचाच गोल न्हाई. जनू ठरवूनच. राजूरनं किसनला दिलं. आमच्या गावानं मला. कामून, तर माझ्या पायात जोर. शाळेच्या पत्र्यावरून बॉल पलीकडं घालायचो. बॉल कुठं जातो हे कोनी पाह्यलं न्हवतं, लांब जातो एवढंच पाह्यलं होतं.

किसननं पाचातला एक घातला. बाकी त्याला जमले न्हाई, तो बी आमच्यासारखाच. म्हंजी मला दोन घातले तरी शील्ड केदारखेड्याला. मास्तर येऊन खांद्याला हात लावून गेले. "सावकाश, रंगनाथ. खाली मार."

पह्यला म्या मारला तो गोलच्या बांबूवर बांधलेल्या दोरीवरून ज्वारीत गेला. पोरायनं हुडकून आनला. दुसरा बापूरावच्या चहाच्या किटलीला लागला. तिसऱ्यानं एका बैलगाडीचा बैल बुजला, अन् बैल धरून आनेस्तोर खेळ थांबला. गाव वरडायला लागलं, हळू मार हळू मार. चौथा हळू मारला, तर त्यो गोलपस्तोर पोचलाच न्हाई. गोलकीपर चालत पुढं आला, उचलून मला दिला अन् म्हनला, "तुमचं काही पडलं वाटतं." पाचवा राह्यला. एक गोल घातला तर बराबरी. म्या डोळे मिटले अन् हानला. डोळे उघडले तर दोन्ही गावं वर पाहू राह्यल्ती. बैल बी. असा गेला त्यो.

बस. तवापसून आभाळ्या.

पंगत बसली. हरलेल्या गावाला आधी. पन या खेपंला नानं न्हवतं, शिव्या द्यायला मी होतो. माझ्या दोन्ही अंगाला कोनी बसंना. चुलतभाऊ होता तो बी उठून पलीकडं गेला. किसन बुंदी घेऊन आला, जास्तीची वाढून गेला. तेवढ्यात मास्तर आले अन् बाजूला मांडी घालून बसले.

"नियम बरोबर आहे, रंगनाथ," हळूच म्हनले. जसं मलाच इचारू राह्यले.

"नियम बराबर हाय मास्तर. पाय बराबर न्हाई."

म्या हसवायला म्हनलो. मास्तरनी बुंदीतली एक कळी उचलली अन् परत खाली ठेवली.

गावात गेल्यावर म्या पाह्यलं, लोक हसायच्या आधी आपन हसलं तर लागत न्हाई. दुकानापुढं मी त्या पाच पेनल्टीचा खेळच करून दाखवायचो. मडकं गोलकीपर, बादली बैल. लोक पार टेंभुर्नीवरून पंक्चर काढाया यायचे, खेळ पाहून जायचे. धंदा वाढला म्हना ना. मास्तर सायकलवर जाताना हे दिसलं की खाली उतरायचे अन् मान खाली घालून पायी जायचे. मला वाटायचं, मी सोतावर हसून त्यायचं बी मन हलकं करू राह्यलो. काय अक्कल! त्यायला रोज दुकानापुढून जाताना तेच दिसायचं, पाचच्या पाच.

मंग त्यायची सायकल दर आठवड्याला पंक्चर व्हायला लागली. ट्यूब पान्यात बुडवली तर बुडबुडा न्हाई. काटा न्हाई, खिळा न्हाई. व्हॉल्व ढिला केलेला. मानूस आपल्या हातानं हवा सोडून माझ्यापशी येऊन बसायचा. बोलनं एवढंच. "बरं आहे का?" "बरं हाय." सुमनबाईनं दिलेली दशमी फडक्यातून काढून ठेवायची अन् जायचं.

थंडीत ते परत शिबिराला गेले. आले ते घरी न जाता थेट दुकानात, पिशवी हातातच. खोक्यावर बसले.

"रंगनाथ, पाच माणसं मारतात."

"कोनाला?"

"पेनल्टी. पाच पेनल्टी पाच वेगळी माणसं मारतात. एकाला एकच. काल डोळ्यांनी पाहून आलो."

मी पंप मारू राह्यल्तो. थांबलो. "म्हंजी माझ्या वाट्याची एकच होती?"

"एकच."

"मंग चार म्या दुसऱ्यायच्या वाया घालवल्या. सांगतो त्यायला, माफी मागतो."

"हसण्यावारी नेऊ नको." त्यायचा आवाज बारीक झाल्ता. "पाच जणांचं मी एकट्याच्या डोक्यावर ठेवलं. सांगणाऱ्यानं अर्धं सांगितलं, मी पुढं विचारलं नाही. रोज पोरांना सांगतो, विचारा, विचारा. अन् मीच विचारलं नाही. कुस्तीचं नाव निघालं अन् मी मान हलवली."

"सगळ्यायनंच हालवली, मास्तर."

"सगळ्यांनी कायदा आणला नव्हता."

मंग म्हनले, बैठकीत हे सगळ्यायपुढं सांगतो. मी घाबरलो. "बिलकुल सांगू नका. बापूराव टपूनच बसलेत. म्हनतील मास्तरलाच पुरतं माहीत न्हाई. कायदा काढतील, नानं परत येईल. तुमचं सगळं गेलं मंग."

"माहीत आहे."

"तरी?"

"न सांगितलं तर तू जन्मभर आभाळ्या."

"मी खुश हाय आभाळ्या."

त्यायनं माझ्याकडं पाह्यलं. मला पंपाकडं पाहावं लागलं. पिशवी उचलून गेले.

बैठक भरली. बापूरावचं हाटेल, तीच बाकडी, तीच मानसं. मास्तर हुभे राह्यले अन् जसं पोरायला पाढा सांगतात तसं सांगितलं. मी चुकलो. पाच गडी पाह्यजे होते, मी एक सांगितला. रंगनाथची एकच चूक होती, बाकी माझ्या. कायदा नीट करून ठेवू या, पाच गड्यांचा.

कोनी टर उडवली न्हाई. ते जास्ती वाईट झालं. बापूराव मायेनंच बोलले. "मास्तर, चुकलं तर सगळ्यायचंच चुकलं. पन इचार करा. पाच गडी मारनार, म्हंजी पाच जनायचे बाप, पाच जनायच्या माया, पाच भांडनं. गेल्या साली एकाच्या डोक्यावर आलं त्याचं काय झालं पाह्यलं ना? नान्याला बाप नसतो. नान्यावर कोनी रुसत न्हाई."

"म्हणूनच नको," मास्तर म्हनले. "ज्याच्यावर रुसता येत नाही, त्याच्याकडून शिकायला काही मिळत नाही. चुकू द्या की पोरांना. पाच जण आहेत, एक चुकला तर मागं चार असतात."

दोन-चार माना हालल्या बी. म्या पाह्यल्या. किसनची बी हालली. बापूरावनं पाह्यलं अन् म्हनले, "बरं, ज्याच्यावर गुदरलं त्यालाच इचारू. आभाळ्या, ऊठ. तू सांग. नानं का पेनल्टी?"

मी बैठकीत कधी बोललो न्हवतो. हुभा राह्यलो. मनात सगळं तयार होतं. मास्तरचं बराबर हाय. हरलो तर आपल्या पायानं हरावं. त्या दिवशी माझ्या मागं चार गडी हुभे असते तर म्या डोळे मिटले नसते.

म्या तोंड उघडलं, "मला माझी एक पेनल्टी द्या..."

हाटेल फुटलं. अशी हसली मानसं.

"मजाक न्हाई करू राह्यलो," म्या म्हनलो. अजून हसले.

"आईच्यान! खरं सांगू राह्यलो, पेनल्टी ठेवा!"

किसन बाकड्यावरून खाली पडला. कोनी तरी म्हनलं, "बापूराव, किटली आत घ्या, आभाळ्या मारतो!" डोळ्याला पानी आलं होतं सगळ्यायच्या. माझ्या बी. पन माझं पानी बी त्यायला हसायचंच वाटलं. वर्षभर म्याच शिकवलं होतं त्यायला, रंग्यानं तोंड उघडलं की हसायचं. आता एकदा, फकस्त एकदा, मला खरं बोलायचं होतं अन् माझ्यापशी तोंडच न्हवतं.

त्या हसन्यात बापूराव म्हनले, "चला, नान्याला कोन?" अन् हसता हसता हात वर झाले. किसनचा बी झाला. खाली पडलेला तिथूनच केला त्यानं.

परत येताना मी अन् मास्तर एसटीत एका बाकड्यावर. राजूरचं देऊळ मागं गेल्यावर मास्तर म्हनले, "रंगनाथ, आजच्या दिवस मजाक नको होता करायला."

"मजाक न्हवता, मास्तर. आईच्यान न्हवता."

तर त्या मानसाच्या तोंडावर हसू आलं. माझ्या बोलन्याला मास्तर पह्यल्यांदा हसले. खांद्यावर थाप मारली अन् खिडकीतून बाहेर पाहू लागले.

त्या साली फायनल नान्यावर गेली का गोलावर, मला माहीत न्हाई. मी गेलो न्हाई. मास्तर बी गेले न्हाई. थोड्या दिवसानं आयकलं, त्यायची बदली परतूरकडं झाली. मला वाटलं, जायच्या आधी एकदा नीट सांगावं. हाटेल न्हाई, एसटी न्हाई, मोकळ्या जागी, दोघंच. काय बोलायचं ते म्या रस्त्यानं घोकत गेलो. दुरुस्त केलेला शाळेचा बॉल काखेत होता, तेवढंच निमित्त.

सकाळची शाळा सुटली होती. मैदानात मास्तर गोलमधे हुभे. प्यांट गुडघ्यापस्तोर वर दुमडलेली. समोर पाच पोरं लाइनीत. एक यायचं, एक मारायचं, मागं जायचं. मी लिंबाखाली थांबून पाह्यलं. एका बारक्यानं मारला तो पार बाजूनं गेला, माझ्या वळनावर. मला वाटलं, आता हसनार सगळे. कोनी हसलं न्हाई. ते पोरगं लाइनीच्या मागं जाऊन हुभं राह्यलं, शेंबूड पुसला, अन् पुढच्याकडं पाहू लागलं. मास्तर म्हनले, "हां. पुढचा."

मी लिंबाखालून बाहेर आलो. बोलायचं ते तोंडात तयार होतं.

पुढच्या पोरानं मला पाह्यलं. "आभाळ्याकाका आला! आभाळ्याकाका!" अन् पाचही पोरं लाइन मोडून हसत माझ्याकडं पळत सुटली. एक कमरेला लटकलं, एकानं बॉल हिसकला. "काका, बैल करून दाखवा ना! काका, किटली!" मी पोरायच्या डोक्यावरून पाह्यलं.

मास्तर गोलमधे तसेच हुभे होते, दोन्ही हात पसरून, जरासे वाकून, पुढच्याची वाट पाहत. समोर कोनीच न्हवतं.